हातात घेतलेलं एक काम मंडळाने शेवटापर्यंत कसं न्यायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या सगळ्या पट्ट्यात मंडळं काम जोरात सुरू करतात. पहिल्या मिटिंगला देवळाचा मंडप भरतो, आणि दोन महिन्यांनी बघावं तर त्याच मंडळापुढे नऊ विषय असतात आणि मूळ धरलेलं काम तसंच पडलेलं असतं. माणसं वाईट नसतात, पैसेही बऱ्याचदा असतात, पण गावात जी जी अडचण कुणी सांगेल ती आपलीच म्हणून अंगावर घेतली जाते आणि मग कुठलीच पुरी होत नाही. म्हणून क्रमाने काय करायचं ते लिहितोय, आणि क्रम खरंच महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट वर्गणीला सुरुवात करणारी मंडळंच सगळ्यात आधी फसतात.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. खानापूर तालुक्यातलं एखादं गाव समजा, गावठाणात जुनी सार्वजनिक विहीर आहे, नळ आल्यापासून तिच्यात कचरा आणि निर्माल्य पडतंय, आणि पोरांनी ठरवलंय की ती साफ करून वापरात आणायची. तुमचं काम वाचनालयाचं असेल, शाळेच्या कंपाउंडचं असेल, तरी पायऱ्या ह्याच.

१. काम वहीत एका वाक्यात लिहा, आणि काय करणार नाही तेही लिहा

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर काम लिहायचं. "गावाचा विकास करणे" किंवा "पाण्याचा प्रश्न सोडवणे" असलं काही नको, कारण असल्या वाक्यात गावातलं काहीही बसतं. असं लिहा: "गावठाणातल्या सार्वजनिक विहिरीतला गाळ काढून, कठडा दुरुस्त करून, वर लोखंडी जाळी बसवून, १५ मेच्या आत ती धुण्याभांड्याला आणि जनावरांना वापरता येईल अशी करणे." ह्यात जागा आहे, काम आहे, तारीख आहे, आणि संपलं कधी म्हणायचं तेही आहे. पिण्यासाठी हा शब्द मुद्दाम घातलेला नाही, कारण पिण्यासाठी म्हटलं की पाण्याची तपासणी आली आणि ते काम वेगळं.

मग त्याच पानाच्या खालच्या अर्ध्यात "हे मंडळ सध्या करणार नाही" असं लिहून यादी करा. गटारी, देवळाचा रंग, क्रिकेटची टूर्नामेंट, गणपतीची वर्गणी, पथदिवे. ही यादी लिहिताना लोक अडखळतात, "नाही कशाला म्हणायचं, बघूया की" असं कुणीतरी म्हणणारच, पण इथं जरा कडक व्हा. आज वहीत लिहिलेलं "नाही" कुणाला लागत नाही. तेच दोन महिन्यांनी एखाद्या काकांना तोंडावर सांगावं लागलं तर भांडण होतं.

वहीचं शेवटचं पान कोरं ठेवा आणि वर "नंतर बघायचे विषय" असं लिहा. हे पान पुढे खूप उपयोगी पडतं.

तपासा: मंडळाबाहेरच्या एखाद्या आजीला ते वाक्य वाचून दाखवा. "म्हणजे नेमकं काय करणार गा?" असं तिनं विचारलं तर वाक्य अजून ढिलं आहे, परत लिहा.

२. तारीख ठरवताना शेताचं कॅलेंडर समोर ठेवा

आपल्याकडे काम बंद पडायचं मोठं कारण म्हणजे चुकीचा महिना. मे संपता संपता धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत), जूनपासून खानापूरच्या पश्चिमेकडे कणकुंबी भागात पाऊस असा लागतो की बाहेरचं काम विसरायचंच, जुलैला नट्टी (भाताची लावणी), मग गणपती, दसरा, ऑक्टोबर-नोव्हेंबरला भाताची सुगी, आणि निपाणी-चिकोडीकडे पुढे ऊसतोड. मार्चला पोरांची एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा. म्हणजे अख्ख्या गावाला मोकळे असे महिने फार कमी, आणि विहिरीचं पाणी सगळ्यात खाली जातं ते एप्रिल-मेमध्ये. तेव्हा विहिरीचं काम धरायचं तर सुगी आवरल्यावर, जानेवारीत, पहिली मिटिंग, फेब्रुवारीत परवानगी आणि पैसे, मार्चला पोरांना अभ्यास करू द्या, आणि एप्रिलला गाळ.

ज्या वर्षी गावात लक्ष्मीची यात्रा असेल त्या वर्षी दुसरं मोठं काम हातातच घेऊ नका. घराघरात रंग, पैपाहुणे, वर्गणी, सगळं गाव त्याच्यातच असतं आणि असायलाच पाहिजे. ते वर्ष जाऊ द्या.

चूक होते ती अशी: उत्साह गणपतीत असतो म्हणून संकल्प गणपतीत सोडतात, आणि मागोमाग दसरा आणि सुगीची गडबड सुरू होते. गणपतीत नुसती नावं घ्या, काम जानेवारीला.

३. माणसं ठरवा, पण पदं कमी ठेवा

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सहसेक्रेटरी, सल्लागार अशी पंचवीस पदं काढण्यात पहिले दोन महिने जातात. एका विहिरीला चार माणसं पुरतात: काम बघणारा, पैसे सांभाळणारा, वही लिहिणारा, आणि विषय सांभाळणारा. हा चौथा माणूस कुठल्याच मंडळात नसतो. त्याचं काम एवढंच की मिटिंगमध्ये बोलणं दुसरीकडे गेलं की नम्रपणे परत विहिरीवर आणायचं. तो अध्यक्ष नको, फार वयस्कर नको, फार तापट तर नकोच. सगळ्यांशी बोलणं असलेली एखादी वहिनी किंवा शाळेतले एखादे गुरुजी ह्याला सगळ्यात चांगले.

मंडळ रजिस्टर करायचं का, हा प्रश्न इथंच येतो. कर्नाटकात १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली कमीत कमी ७ सभासद लागतात, नियमावली लागते, नंतर दरवर्षी हिशेब आणि कमिटीची यादी देत राहावी लागते. बाहेरून मोठी देणगी किंवा अनुदान घेणार असाल तर करा, पण गावच्या वर्गणीतून एक विहीर साफ करायला त्याची गरज नाही. माझं मत विचाराल तर पहिलं काम पूर्ण करा आणि मग नोंदणीचा विचार करा, कारण नोंदणीच्या कागदपत्रांच्या मागे लागून मूळ काम विसरलेली मंडळं खूप आहेत.

४. परवानगी, आणि कागद

सार्वजनिक विहीर म्हणजे ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. जागा नक्की सार्वजनिकच आहे का हे आधी उताऱ्यावर आणि पंचायतीच्या रजिस्टरात बघून घ्या. पिढ्यानपिढ्या सगळं गाव पाणी भरतंय पण जागा कुणाच्या तरी घरची, असंही निघतं, आणि ते गाळ अर्धा काढल्यावर कळलं तर काम तिथंच अडकतं.

अर्ज पीडीओ साहेबांच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) नावाने, दोन प्रती, एकीवर शिक्का मारून पोच घ्यायची. अर्ज कन्नडमध्ये लिहून द्या, मराठी प्रत सोबत जोडा. गावात कन्नड लिहिणारं कुणीतरी असतंच, एसएसएलसीची पोरंही लिहितात. आता इथं बऱ्याच मिटिंगा घसरतात. कागद मराठीतून मिळावेत ही आपल्या लोकांची जुनी मागणी आहे, ती मनापासून आहे, पण तिचं व्यासपीठ वेगळं आहे आणि तिथं जाऊन ती जरूर मांडावी. विहिरीच्या मिटिंगमध्ये तो विषय निघाला की अर्जही जात नाही आणि शेजारच्या गल्लीतली कन्नड बोलणारी चार घरं, जी त्याच विहिरीची आहेत, ती पुढच्या मिटिंगला येत नाहीत. त्यांना सुरुवातीपासून बरोबर घ्या, मिटिंगमध्ये जे ठरलं ते कुणीतरी कन्नडमध्ये पण सांगा, पाच मिनिटं लागतात.

थांबा: पोच हातात आल्याशिवाय आणि पंचायतीचं उत्तर लेखी मिळाल्याशिवाय वर्गणीचं पावतीपुस्तक छापायचं नाही.

५. मिटिंग: सगळा खेळ इथंच आहे

दर पंधरा दिवसांनी एक मिटिंग, एक तास, वेळ ठरलेली. रात्री नऊला ठेवली तर बायका येऊ शकत नाहीत आणि उद्यमबागच्या कारखान्यांत सेकंड शिफ्टला गेलेली पोरंही नसतात. रविवारी दुपारी चारला ठेवा. विहिरीवर खरंच कोण जाणार, धुणं कोण धुणार, कठड्याची उंची किती पाहिजे, हे बायकांना जास्त कळतं, स्त्रीशक्ती संघातल्या (बायकांच्या बचत गटातल्या) दोघीतिघींना तरी निरोप पाठवून बोलवाच.

अजेंडा तीनच ओळींचा. मागच्या वेळी ठरलेलं झालं का, आता पुढचं काम कोणतं, पैसे किती आहेत. ह्याच्या बाहेरचा विषय निघतोच, आणि तो निघाला की काय करायचं ते नीट सांगतो.

समजा मोटर कुणाची आणायची हे चाललंय आणि तात्या मधेच म्हणतात, "विहिरीचं होऊंदे की, पण त्या गटारीचं बघा आधी, पोरं घसरून पडायलीत." तात्या खोटं बोलत नाहीत, गटार वाईटच आहे. इथं दोन चुका होतात. एक म्हणजे सगळे गटारीवर बोलायला लागतात आणि अर्धा तास जातो. दुसरी म्हणजे कुणीतरी पोरगा फटकन म्हणतो, "तात्या, तो विषय नाही आज," आणि तात्या उठून जातात, त्यांच्याबरोबर त्यांची गल्ली जाते. विषय सांभाळणाऱ्याने म्हणायचं, "तात्या, तुमचं खरं आहे, मागच्या पानावर तुमच्या नावानं लिवतो. आता मोटरीचं ठरवूया काय?" आणि तिथल्या तिथं, तात्यांच्या डोळ्यांदेखत, शेवटच्या पानावर लिहायचं: गटार, तात्या, तारीख. मग मोठ्यानं वाचून दाखवायचं. माणसाला आपलं ऐकून घेतलं गेलं हे कळलं की तो थांबतो, नुसतं "बघू नंतर" म्हटलं तर तो दर मिटिंगला तेच काढणार.

पण प्रत्येक बाहेरचा विषय मागच्या पानावर ढकलायचा नाही. एक प्रश्न विचारायचा: हे केलं नाही तर आपलं काम अडतं काय? त्याच गटारीचं पाणी जर विहिरीच्या कठड्याशी मुरत असेल तर गाळ काढून उपयोग काय, ते परत आत येणार. मग तेवढा गटारीचा तुकडा आपल्या कामात येतो, पहिल्या पानावर त्याची भर घालायची आणि सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. बाकीची गटार मागच्या पानावर. हा फरक मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलून करा, म्हणजे कुणाला वाटत नाही की अमक्याचा विषय घेतला आणि माझा टाकला.

ठराव लिहिताना "सर्वांनी मिळून मोटरीचे बघावे" असं लिहिलं की मोटर येत नाही. एक नाव, एक काम, एक तारीख: "मोटर आणि पाइप, मारुती गल्लीचे मामा, रविवारी सकाळी ७ च्या आत, डिझेल मंडळाचे." मिटिंग संपताना वही लिहिणाऱ्याने सगळे ठराव वाचायचे आणि ज्याचं नाव आहे त्याने "होय" म्हणायचं. जो मिटिंगला नाही त्याच्या नावावर काम टाकायचं नाही, ही सवय आपल्याकडे फार आहे.

तपासा: लागोपाठ दोन मिटिंगा झाल्या आणि पहिल्या ओळीत "झालं" असं एकही लिहिता आलं नाही, तर तिसरी मिटिंग घेऊ नका. चौघांनी जाऊन ज्याच्याकडे काम अडलंय त्याला घरी भेटा, चहा प्या, अडचण विचारा. बऱ्याचदा अडचण साधी असते, पाचशे रुपये आधी खिशातून घालायला नसतात एवढीच.

६. व्हॉट्सॲप ग्रुप

दोन ग्रुप करा. एकाला सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतील असं करा, त्यावर मिटिंगची वेळ, ठराव आणि हिशेबाचे फोटो, बास. गुड मॉर्निंग, वाढदिवस, राजकारण, सगळं दुसऱ्या ग्रुपवर.

ग्रुपवर निर्णय घ्यायचा नाही. पुण्याला, गोव्याला, कोल्हापूरला कामाला असलेली आपली पोरं ग्रुपवर सगळ्यात जास्त बोलतात, गावाची ओढ असते त्यांना, मनापासून सुचवतात, वर पंप बसवा, सोलर लावा, कारंजं करा. त्यांना दुखवू नका, पण निर्णय जे रविवारी मंडपात बसलेत त्यांचाच. बाहेरच्या पोरांना त्यांच्या हातातलं काम द्या: जाळीचे दर काढणं, अर्ज टाइप करणं, हिशेबाची शीट बनवणं. नेमकं काम मिळालं की सूचना आपोआप कमी होतात.

७. पैसे

अंदाजपत्रक कामाच्या भागांप्रमाणे करा: गाळ काढणं, दगड-सिमेंट-गवंडी, जाळी, वरखर्च. वर्गणी एवढ्याचीच मागा. जादा पैसे जमले की "आता उरलेत तर कमान पण करूया" सुरू होतं. खातं दोघांच्या सहीचं. खर्च झाला की त्याच आठवड्यात बिलाचा फोटो ग्रुपवर.

निवडणूक जवळ आली की देणगी घेऊन कुणीतरी येतंच, आणि बरोबर बॅनर पण येतो. हे आधीच, जानेवारीतच, ठरवून वहीत लिहून ठेवा: देणगी कुणाचीही घेऊ, पावती देऊ, विहिरीवर कुणाचंही नाव किंवा फोटो लागणार नाही. पैसे समोर आल्यावर हा नियम करायला गेलात तर मंडळात दोन गट पडतात. नियम आधी असला की खजिनदाराला नुसतं वहीचं पान दाखवता येतं.

८. प्रत्यक्ष काम, आणि अर्ध्यावरची तपासणी

सावधान, हे इतर सगळ्या सूचनांच्या आधी: बरीच वर्षं बंद असलेल्या विहिरीत विषारी वायू साठलेला असू शकतो. जाळता कंदील दोरीने खाली सोडून बघतात आणि तो विझला तर उतरायचंच नाही, पण विझला नाही म्हणून धोका नाही असंही नाही. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवून चालवायचं नाही, त्याच्या धुराने माणसं मरतात. वर ठेवा. आणि खाली कुणी बेशुद्ध पडला तर त्याच्या मागोमाग दुसऱ्याने उडी घ्यायची नाही, एकापाठोपाठ एक माणसं अशीच जातात. विहिरीची कामं करणारी सराईत माणसं मजुरीवर आणा, कमरेला दोर असल्याशिवाय कुणी उतरणार नाही, आणि उत्साही पोरांना वर गाळ ओढायला ठेवा.

अर्ध्या तारखेला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, एक मिटिंग फक्त पहिलं पान वाचायला घ्या. वाक्य वाचा, खालची "करणार नाही" यादी वाचा, आणि विचारा की गेल्या पंधरा दिवसांत मंडळाचे तास आणि पैसे कशाकशावर गेले. एखाद्या लग्नाच्या मंडपाला ट्रॉली दिली, शाळेच्या गॅदरिंगला खुर्च्या लावल्या, हे निघेल. ती मदत माणूस म्हणून करा, मंडळाच्या नावाने आणि मंडळाच्या पैशाने नको.

काम खरंच अवाक्याबाहेर गेलं असेल, म्हणजे गाळ वाटला त्याच्या दुप्पट निघाला, तर काम लहान करा. जाळी पुढच्या वर्षी, ह्या वर्षी गाळ आणि कठडा, पण मग पावसाआधी विहिरीवर फळ्यांचं तात्पुरतं झाकण टाकायचंच. तसं पहिल्या पानावर तारीख घालून लिहा. तारीख पुढे ढकलत गेलात तर जूनचा पाऊस येतो आणि काढलेला गाळ काठावरून परत आत जातो, म्हणून काढलेला गाळ त्याच दिवशी ट्रॅक्टरने हलवायचा, कुणाच्या शेतात पाहिजे ते आधी विचारून ठेवायचं.

९. काम संपवायचं कसं

ही पायरी बहुतेक जण करतच नाहीत. नारळ फुटतो, फोटो निघतो, आणि जमाखर्च दोन वर्षं खजिनदाराच्या घरी पडतो. मग पुढच्या वर्गणीला लोक दार उघडत नाहीत.

शेवटच्या मिटिंगला तीन गोष्टी, ह्याच क्रमाने. आधी हिशेब मोठ्यानं वाचा, उरलेले पैसे कशाला राखून ठेवले ते लिहा. मग पंचायतीला लेखी कळवा की विहिरीचं काम झालं, पोच घ्या, आणि जाळीच्या कुलपाच्या दोन किल्ल्या कुणाकडे राहतील ते ठरवा, एक विहिरीजवळच्या घरात पाहिजेच. तिसरं, देखभाल कोण करणार. ब्लीचिंग पावडरचा हिशेब वहीत लिहून द्या, दरवेळी अंदाजाने टाकू नका: विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा, आणि १००० ने गुणलं की लिटर आले. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८ हजार लिटर. दर १००० लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे इथं ७० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं पाणी विहिरीत सोडायचं, आणि निदान तासभर कुणी पाणी काढायचं नाही. रात्री टाकलं तर सकाळपर्यंत प्रश्नच येत नाही. नुकता गाळ काढलेल्या विहिरीला पहिल्यांदा जास्त लागते, ते आरोग्य केंद्रातल्या माणसाला विचारून टाका. आणि पाणी तपासून घेतल्याशिवाय पिण्यासाठी वापरायचं नाही, तसा बोर्ड मराठी आणि कन्नड दोन्हीत लावा.

त्यानंतर वहीचं शेवटचं पान उघडा. तिथं आठ-दहा विषय साठलेले असतील, त्यातले काही तोवर पंचायतीने केलेले असतील, ते खोडा. उरलेल्यातला एकच निवडा, हात वर करून, आणि तो पण त्याच दिवशी सुरू करू नका, शेतं पेरून होऊ द्या. तात्यांच्या गटारीला जास्त हात वर झाले तर नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुठल्या कोपऱ्यापासून कुठल्या कोपऱ्यापर्यंतची गटार ते मीटरमध्ये मोजून लिहा.